दाताची साक्ष

हिवाळी अधिवेशन संपायला तीन दिवस उरले होते, आणि मी नागपूरच्या एका दंतमहाविद्यालयाच्या तळघरात एका दुधाच्या दाताकडे टक लावून बसले होते. बाहेर चौकाचौकांत पोलिसांचे कठडे लागले होते, मोर्च्यांच्या घोषणा तळघराच्या झरोक्यातून आत येत होत्या. अधिवेशनाचे पंधरा दिवस मी माणसात नसते. पाण्यावर काम करणारी आमची छोटी संस्था आहे. छोटी म्हणजे मी, दोन कार्यकर्त्या आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप.

यंदा जीव अडकला होता तो कलम नऊमध्ये.

त्याचं असं झालं. देशात विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पहिली पिढी म्हातारी झाली, आणि त्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडून आतले धातू काढणारे कारखाने गावोगाव उभे राहिले. त्यातला वज्रसंच हा कारखाना तेरा वर्षांपूर्वी बेलटेकडीच्या वरच्या अंगाला आला. बेलटेकडी नागपूरपासून दीड तासावर, ऐंशी उंबऱ्यांचं गाव. गेल्या काही वर्षांत तिथली मुलं बोलताना अडखळू लागली, हात कापू लागले, शाळेत पाटीवर सरळ रेघ ओढता येईना. आम्ही म्हणायचो, हे कारखान्याचं पाप आहे. कारखाना म्हणायचा, पुरावा आणा. यंदा विधानसभेत बॅटरी-अवशेष विधेयक आलं होतं, आणि त्यातलं कलम नऊ म्हणत होतं की माणसाच्या दातातून वाचलेला विषाचा इतिहास कोर्टात पुरावा धरावा. सरकारी बाजूला ते कलम गाळायचं होतं. मतदान शुक्रवारी होतं आणि आज बुधवार.

"आलेख आला," डॉ. शहनाज काझी म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे सरकल्या. तीस वर्षं विद्यार्थ्यांना दात उपटायला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता दात वाचत होत्या.

त्यांचं यंत्र शिलाई मशीनएवढं. बाळ आईच्या पोटात असल्यापासून दात रोज एक थर लावतो. त्या दिवशी अंगात जे गेलं त्याचा अंश त्या थरात अडकून बसतो. जन्माच्या वेळी बाळाला जो हिसका बसतो त्याची एक ठळक रेघ दातात उमटते. ती रेघ म्हणजे शून्य, तिथून दिवस मोजत जायचं. यंत्रातला प्रकाशाचा किरण एकेक थर खरवडतो, त्याची वाफ होते, आणि वाफेतले अणू वजनावरून ओळखले जातात. पूर्वी यासाठी परदेशातल्या प्रयोगशाळेत सहा महिने नंबर लावावा लागे. आता चाळीस मिनिटं लागत होती.

दात मिळाले ते मात्र जुन्या रीतीमुळे. बेलटेकडीत मुलाचा दात पडला की शेणाच्या गोळीत घालून छपराच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, फेकतात आणि उंदीरमामाकडे नवा मागतात. उन्हाळ्यात कवेलू फेरताना आम्ही छपराछपरावर चढून त्या सुकलेल्या गोळ्या वेचल्या, सत्तेचाळीस भरल्या. कोणता दात कोणाचा, ते आतल्या गरातल्या डीएनएवरून जुळवलं. समोरचा दात मयूरी शेंडेचा होता. मयूरी नऊ वर्षांची. तिची आई कौतिका ही बेलटेकडीतली माझी पहिली मैत्रीण, आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय त्या गावात मला कुणी पाण्याचा तांब्याही दिला नसता.

"हे मॅंगनीज," काझीबाईंनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "हातांचं कापणं, बोबडं बोलणं, सगळं यानं होतं. आणि त्याच्या बरोबरीनं चालतंय ते कोबाल्ट. या प्रमाणात ही जोडी जमिनीत सापडत नाही छाया, गाडीच्या बॅटरीतच सापडते. कारखाना सुटत नाही."

मी टाळी वाजवली. खरोखर वाजवली.

"थांब. आता तारीख बघ."

पोटातले नऊ महिने रेघ सपाट होती. जन्मानंतरही सपाट. कारखाना तेव्हा जोरात चालू होता, तरी सपाट. मग दोनशे त्र्याहत्तराव्या दिवशी ती भिंतीसारखी उभी राहिली आणि पुन्हा खाली आलीच नाही.

"बाकीच्या दातांतही हेच आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी पडलेले दात स्वच्छ. नंतरचे सगळे असे. एकाच आठवड्यात गावात काहीतरी बदललं. काय बदललं?"

मला हिशेब करावा लागला नाही. मयूरीचा जन्म चौदा ऑगस्टचा आणि तो दिवस चौदा मे होता. त्या दिवशी बेलटेकडीत आमच्या संस्थेच्या बोअरवेलचं उद्घाटन झालं होतं. त्याआधी गाव जांभूळनाल्याच्या वाळूत खड्डे करून, वाटीवाटीनं पाणी भरायचं. त्याला झिरा म्हणतात. झिऱ्याची वाळू काळी पडायला लागली तशी मीच गावभर फिरले. 'काळी वाळू, मुलांचा काळ' ही घोषणा माझी, शाळेच्या भिंतीवर अजून आहे. देणगीदार मी शोधला, जागा मी ठरवली, आणि शंभर मीटर खोल खोदून पाणी लागलं तेव्हा मी रडले होते. कौतिकानं मुलीचं उष्टावण त्या दिवसासाठी थांबवून ठेवलं होतं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, सातवा टळला होता, नववा धरला. नव्या पाण्यात खीर शिजवली. पहिला चमचा तिनं मला भरवायला लावला.

"पाणी तपासलं होतं आम्ही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सोळा तपासण्या केल्या. फ्लोराइड, जंतू, सगळं."

"मॅंगनीज?"

"किटमध्ये नव्हतं."

काझीबाईंनी कपाळावरचा चष्मा काढला. मग हळू आवाजात सांगू लागल्या, वर्गात सांगावं तसं, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये. कारखान्याच्या गाळाचं पाणी जमिनीत मुरलं, खालच्या पाण्यात मिसळलं. तिथे हवा नाही, म्हणून मॅंगनीज विरघळलेलंच राहतं, दिसत नाही की चवीला कळत नाही. झिऱ्यात तेच पाणी वाळूतून पाझरत, हवा खात वर येतं. हवा लागली की मॅंगनीज काळं होऊन वाळूच्या कणांना चिकटतं, कोबाल्टलाही धरून ठेवतं. वाटीत येतं ते पाणी स्वच्छ.

"वाळू काळी पडत होती," त्या म्हणाल्या, "कारण विष ती स्वतःवर घेत होती."

मी उठून झरोक्यापाशी गेले. बाहेर कुणीतरी लाउडस्पीकरवर घसा फोडत होतं. मला कुणालातरी मारावंसं वाटत होतं, आणि मारायला जवळ कुणी नव्हतं.

त्याच दुपारी मी आमदार यादवराव भोयरांकडे गेले; ते विरोधी बाकांवर, तिसऱ्यांदा निवडून आलेले. त्यांच्या निवासातल्या खोलीत कायम चिवडा आणि फायलींचा वास. कलम नऊसाठी त्यांनी दोन वर्षं जोडे झिजवले होते. त्यांनी आलेख पाहिला, पुन्हा पाहिला, आणि दार लावून घेतलं.

"ही तारीख कोणाकोणाला माहीत आहे?"

"काझीबाईंना आणि मला."

"मग कापा. आलेख बोअरनंतरचा दाखवा. त्यात खोटं काय आहे? मॅंगनीज आहे, कोबाल्ट आहे, बॅटरीचं आहे."

"भाऊ, मुलं ते पाणी आजही पिताहेत."

"शुक्रवारी दुपारी मतदान. एकदा कलम पास झालं की तुम्ही स्वतः गावात जा, बोअरला कुलूप ठोका, मी येतो सोबत. पण आज बोललात ना, तर उद्या मंत्री उभे राहतील. म्हणतील, कारखान्यानं नाही, या बाईनंच पाजलं. गेलं कलम पाण्यात. राज्यात अशा बेलटेकड्या किती आहेत? चाळीस? साठ? त्यांना पुन्हा कोण विचारणार?" त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "ताई, तुमची अब्रू वाचवायला म्हणत नाही मी. बाकीच्या पोरांसाठी म्हणतो."

ते खरंच बाकीच्या पोरांसाठी म्हणत होते. तीच तर पंचाईत होती. लबाड माणसाला नाही म्हणणं मला सोपं गेलं असतं.

मी बरं म्हणाले. जिना उतरताना मनात एक वाक्य आलं आणि ते मला इथे लिहायला हवं: आठ वर्षं प्यायलेच की, आणखी दोन दिवसांनी काय होतंय?

गुरुवारी सकाळी अकराला धरण्याच्या मांडवात गेले. बेलटेकडीच्या बावीस बाया मंगळवारपासून तिथे बसल्या होत्या, आणि त्यांच्यात मयूरीही. डोक्यावर हिरवं कापड, खाली सतरंजी, समोर पत्रकारांचे दोन कॅमेरे कंटाळून उभे.

"ताई, जेवल्या का नाही?" कौतिकानं मला पाहताच जागा केली. "तोंड काहून उतरलं असं? होईन पास तुमचं कलम. इतक्या बाया बसल्या हायेत."

"जेवले."

"खोटं नोको बोलू. मयूरे, मावशीले भाकर दे."

मयूरी उठली. तिच्या हातातली भाकरी थरथरत माझ्यापर्यंत आली. "मा... मा... मावशी," ती म्हणाली आणि हसली. ती नेहमी पहिलाच शब्द तीनदा म्हणायची आणि तिसऱ्यांदा जमला की हसायची.

मांडवाच्या खांबाला टेकून निळ्या कॅनची रांग होती. पंधरा-वीस असतील.

"हे काय आणलंय?"

"पाणी," कौतिका म्हणाली. "टेम्पोत टाकून आणलं गावाहून. हे नागपूरचं पाणी आमाले मानवत न्हाई बाप्पा. पोरीचं पोट बिघडते. आपल्या बोअरचं बरं." मग शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाली, "ताईनं खोदली ना."

मयूरीनं कॅनची तोटी फिरवली. पेला भरताना हात कापत होता, अर्धं पाणी सतरंजीवर सांडलं. ती पुन्हा भरू लागली. दोन्ही हातांनी पेला धरून तिनं तो तोंडाकडे नेला.

मी काही ठरवलं नाही. मला फक्त पेला उडालेला दिसला, आणि मयूरी रडायला लागली तेव्हा कळलं की माझ्याच हातानं उडवला.

"ताई!" कौतिका ताडकन उठली. "पोरीले मारता?"

"ते पाणी नको देऊस तिला. कुणालाच नको. कौतिका, विष पाण्यात आहे. बोअरच्या."

मग मी सांगितलं. आधी अडखळत, मग भडाभडा. दात, रेघ, चौदा मे. बाया गोळा झाल्या. कॅमेरेवाल्यांचा कंटाळा गेला, ते धावत आले. मी त्यांना थांबवलं नाही. कौतिका मात्र माझ्याच तोंडाकडे बघत होती, मी परक्या भाषेत बोलत असल्यासारखी.

"अन् झिऱ्याचं पाणी?"

"ते चांगलं होतं."

"काळी वाळू?"

"वाळू विष अडवत होती. मला कळलं नाही. मी चुकले, कौतिका."

तिनं मान हलवली. चूक तिला समजत होती. शेतीत, स्वयंपाकात, माणसं ओळखण्यात चुका होतातच. मग तिनं विचारलं, "तुमाले कवा समजलं हे?"

"काल."

"काल कवा?"

"सकाळी."

तिचा चेहरा तेव्हा बदलला. "काल सांजच्याले इथंच बसून पोरीनं भाकर खाल्ली. तांब्याभर पाणी पेली. तवा तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

ती कॅनच्या रांगेकडे वळली. एकेक कॅन उचलला, तोटी उघडली आणि रस्त्यावर रिकामा करू लागली. दुसऱ्या बाया पुढे आल्या तर त्यांनाही हात लावू दिला नाही. पंधरा-वीस कॅन तिनं एकटीनं ओतले. मी मदतीला वाकले तेव्हा नुसतं माझं मनगट धरून बाजूला केलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

दीड वाजता सगळ्या वाहिन्यांवर तेच चालू होतं. अडीचला मंत्री कॅमेऱ्यांपुढे आले आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाले की दातानं सत्य बाहेर आणलं, पर्यावरणाच्या नावाखाली गोरगरिबांच्या लेकरांना कुणी विष पाजलं ते राज्यानं पाहावं. भोयरांचा फोन आला. "झालं समाधान?" एवढंच बोलून त्यांनी ठेवला. चारला निरोप आला की मंत्री बेलटेकडीचं शिष्टमंडळ भेटीला बोलावताहेत. पाच जण. कौतिका, आणखी तीन बाया, आणि निवेदन लिहिणारी म्हणून यादीत आधीपासून नाव होतं ती मी. भोयर दालनाच्या दारात भेटले, माझ्याकडे न बघता आत आले.

मंत्री उठून उभे राहिले, बायांना नमस्कार केला, चहा मागवला. आवाजात खरोखर माया होती.

"बाई, उद्या सकाळपासून तुमच्या गावात टँकर. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मुलांची तपासणी, सरकारी खर्चानं. शब्द आहे माझा. फक्त तुमची तक्रार पाहिजे, म्हणजे कारवाई करता येते." त्यांच्या पीएनं टाइप केलेला कागद पुढे ठेवला. "इथे सही करा."

कौतिका सातवी शिकलेली. तिनं कागद उचलला आणि बोट फिरवत, ओठ हलवत वाचला. कुणाला घाई करायचं धाडस झालं नाही. मला माझं नाव उलट्या बाजूनंही दिसत होतं.

"साहेब, यात कारखाना कुठं हाय?"

"ते वेगळं आहे बाई. कारखान्याविरुद्ध अजून काही सिद्ध नाही. त्या दाताच्या यंत्राला आपल्याकडे मान्यताच नाही ना. उद्या सभागृह ठरवेल."

"मंग बोअरचं कशावरून समजलं तुमाले?"

मंत्र्यांनी पीएकडे पाहिलं.

"टीव्हीवर तुमीच सांगतलं साहेब, मी फोनवर पायलं. दातानं सत्य दाखवलं म्हणे." ती अजिबात आवाज चढवत नव्हती. "दात खरा असंल तं पुरा खरा असंल. तारीख खरी अन् बॅटरी खोटी, असा अर्धा दात कसा खरा असंल? सांगा ना मले. मी अडाणी हाये."

भोयर पुढे झुकले. पहिल्यांदाच त्या खोलीत त्यांना काहीतरी दिसलं होतं. मंत्र्यांनी कप बशीत ठेवला, जरा जास्तच हळू.

शुक्रवारी भोयर सभागृहात तेच वाक्य बोलले, आणि मंत्र्यांचं टीव्हीवरचं बोलणं शब्दशः वाचून दाखवलं. कलम नऊ आवाजी मतदानानं मंजूर झालं. सत्ताधारी बाकांवरचेही काही जण हो म्हणाले. भोयरांना अजून वाटतं की त्यांनी डाव पलटवला. पण ते शुक्रवारचं.

गुरुवारी त्या दालनात कौतिकानं टाइप केलेला कागद बाजूला सारला. "कोरा द्या," ती पीएला म्हणाली. कोरा आला. तो तिनं माझ्यापुढे ठेवला.

"लिवा. आठ वर्सं आमचे समदे कागद तुमीच लिवले."

"कौतिका, माझ्याविरुद्धचा मी कसा..."

"लिवा म्हणते ना."

मी पेन उघडलं. ती सांगू लागली, एकेक शब्द सुटा, मला लिहायला वेळ मिळेल असा. विष वज्रसंच कारखान्यानं जमिनीत सोडलं. ते आमच्या पोरायले पाजलं, इथं ती थांबली.

"तुमचं पुरं नाव सांगा."

इतकी वर्षं तिनं मला ताई म्हटलं होतं. नावाची गरजच पडली नव्हती.

"छाया गोविंद लांजेवार."

"लिवा मंग."

मी लिहिलं. ते पाजलं छाया गोविंद लांजेवार हिने, पाणी न तपासता. तिनं 'न तपासता' म्हटलं तेव्हा सोळा तपासण्या ओठांवर आल्या होत्या. त्या मी गिळल्या.

"झालं," ती म्हणाली. "दोघायचीबी नावं आली. आता सही करतो आमी."

तिनं हात पुढे केला. मी कागद दिला नाही. वाकून, घाईघाईनं, अक्षर बिघडवत आणखी तीन ओळी लिहिल्या. भोयरांनी मान लांबवून वाचायचा प्रयत्न केला आणि माझं मनगट दाबलं, नको या अर्थी. मी हात सोडवून घेतला.

"काय लिवलं?" कौतिका म्हणाली. "वाचून दाखवा. समदं."

मी उभी राहून वाचलं, मंत्र्यांसमोर, पीएसमोर, तिन्ही बायांसमोर. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याला अडखळले, मग ते पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"हे पाणी विषारी असल्याचे बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता छाया लांजेवार हिला समजले. तिने गुरुवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत ते गावातल्या कोणालाही सांगितले नाही. या वेळात बेलटेकडीची सगळी मुले ते पाणी प्यायली."

"हे मी सांगतलं नव्हतं," कौतिका म्हणाली.

"नाही."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. त्या ओळी स्वतः बोट फिरवून वाचल्या, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि सही केली.